डोळखांबला दक्षिणेत जुळं आहे का?

मेच्या मध्यात, सतरा तारखेच्या आसपास, शहापूर तालुक्यातल्या डोळखांबमध्ये अंगणात सरळ काठी रोवली तर तिची सावली आखडत आखडत दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांच्या सुमाराला काठीच्या बुंध्याशीच विरून जाते. मी हे एकदा ओट्यावर बसून पूर्ण पाहिलं. शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यालाही सावली उरली नव्हती. समोर आजोबाचा डोंगर उन्हात धुरकटला होता, राब भाजून काळे पडलेले, विहिरीचं पाणी तळाला गेलेलं. पंख्याखाली बसलेल्या माणसाला उन्हाळा नुसता जाणवतो. त्या दोन मिनिटांत मात्र तो डोळ्यांना दिसतो, कारण सूर्य खरोखरच डोक्यावर असतो.

हाच सूर्य सहा महिन्यांनी, १९ नोव्हेंबरच्या आसपास, विषुववृत्ताच्या पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावरच्या गावांच्या डोक्यावर येतो. डोळखांब साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. साडेएकोणीस दक्षिणेवर किंवा तिच्या अंशभर अलीकडे-पलीकडे ऑस्ट्रेलियातलं टाऊन्सव्हिल आहे, मोझांबिकमधलं बैरा आहे, मादागास्करचं अंत्सिराबे, ब्राझीलचं बेलो होरिझोन्ते, चिलीचं आरिका आणि मॉरिशसचं पोर्ट लुई आहे. सूर्य सगळ्यांना सारखाच. मग हवामानही सारखं असायला हवं. महिने तेवढे उलटे. ही अपेक्षा शाळेच्या भूगोलातच आपल्या मनात बसते. ती कुठवर खरी आहे, कुठे तुटते आणि का तुटते याचा आढावा इथे घ्यायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. डोळखांबच्या उन्हाला दक्षिणेत जुळं सापडतं, पावसाला सापडत नाही. आणि तरीही तो पाऊस निघतो दक्षिणेतूनच.

आधी जे जुळतं ते पाहू. दिवसाची लांबी जुळते. इथे जूनमध्ये सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरमध्ये सगळ्यांत लहान अकरा तासांचा. टाऊन्सव्हिलला तेच आकडे डिसेंबर आणि जूनचे. झाडं हा हिशेब माणसांपेक्षा चोख ठेवतात. आपला गुलमोहर मूळचा मादागास्करचा. वेन्सेल बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तो तिथे पाहून १८२९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आपल्याकडे तो एप्रिल-मेमध्ये पेटतो आणि साताऱ्यात १ मेला त्याचा दिवस साजरा होतो. मादागास्कर-मॉरिशसमध्ये तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फुलतो, नाताळच्या तोंडावर. दोन्हीकडे झाड एकच गोष्ट करतं : पावसाच्या आधीच्या कडक उन्हात फुलून घेतं. आंब्याचंही तसंच. टाऊन्सव्हिलच्या दक्षिणेला बोवेन नावाचं गाव आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या जातीचा वंश एकोणिसाव्या शतकात भारताशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापाराबरोबर गेला, असं मानलं जातं. तो आंबा नोव्हेंबरपासून पिकतो. शहापूरच्या बाजारात पाट्या लागतात तेव्हा बोवेनची झाडं रिकामी असतात, आणि इथे दिवाळी संपते तेव्हा तिथे पाडाला लागलेली असतात.

झिम्बाब्वेतलं हरारेही या ओळीत घ्यायला हवं, अक्षांश थोडा अलीकडचा असला तरी. तिथला सर्वांत तापलेला काळ ऐन उन्हाळ्यातला नाही, त्याच्या आधीचा आहे : ऑक्टोबर. पाऊस सुरू झाला की तापमान उतरतं. आपल्या एप्रिल-मेचा हा अगदी आरसा. ढग येण्याआधीचं ऊन सर्वांत कडक, हा नियम दोन्ही गोलार्धांत पाळला जातो. डोळखांबला सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो, मेच्या मध्यात आणि पुन्हा २६ जुलैच्या आसपास. दुसरी वेळ कुणाच्याच लक्षात नसते, कारण तेव्हा ढग दाटलेले असतात आणि माणसं गुडघाभर चिखलात आवणीला वाकलेली असतात. सूर्य तोच, उंची तीच, आणि दोन दिवसांच्या तापमानात दहा अंशांचा फरक पडू शकतो.

आता पाऊस. इथून गोष्ट बिघडते.

शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टाऊन्सव्हिलला वर्षाचा पाऊस अकराशे मिलिमीटरच्या आसपास आहे, निम्म्याहूनही कमी. तोही मुख्यतः डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो, म्हणजे महिने उलटे होऊन जुळतात, आकडा जुळत नाही. कारण समजायला सोपं आहे. तिथला नेहमीचा वारा आग्नेयेकडून येतो आणि टाऊन्सव्हिलचा किनारा त्या वाऱ्याला जवळजवळ समांतर आहे. वारा किनाऱ्याला घासून निघून जातो, वर चढत नाही, म्हणून बरसत नाही. तिथून दोनेकशे किलोमीटर उत्तरेला टली नावाचं छोटं गाव आहे. तिथे किनाऱ्याला लागून डोंगर उभा आहे आणि वारा त्याच्यावर आडवा आदळतो. टलीला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला ७.९ मीटर उंचीचा एक गमबूट उभारला आहे. १९५० साली तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडला, बरोबर तेवढी त्याची उंची. आत जिना आहे, माणूस वर चढून त्या वर्षाच्या पावसाच्या पातळीवर उभा राहू शकतो. आकडा लोकांच्या अंगवळणी पाडण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आपल्या सह्याद्रीतल्या घाटघरच्या माथ्यावर असं काही उभारलं तर किती बरं होईल, असं ते वाचल्यापासून मनात आहे.

टली वाचताना आपल्याला घाटघर आठवणं साहजिक आहे, दोन्हीकडचं कारण एकच आहे. डोळखांबच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. नैर्ऋत्येचा वारा तिच्यावर चढतो, गार होतो, पाणी सोडतो. भिंतीच्या माथ्यावर घाटघरला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लोक त्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. माथा ओलांडून अकोल्याकडे उतरत गेलं की तोच पाऊस झपाट्याने ओसरतो, आणि संगमनेरपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्याही खाली येतो. अक्षांश मात्र साडेएकोणीसच्याच आसपास राहतो. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना, एकाच अक्षांशावर, पाऊस दहापट बदलतो. शहरांची तुलना करायला बसणाऱ्याने हे आधी ध्यानात ठेवावं. अक्षांश नकाशावर आखलेली रेघ आहे, पावसाला डोंगर कळतो.

बाकीच्या दक्षिणी गावांवरून भरभर जाऊ. बेलो होरिझोन्ते साडेआठशे मीटर उंचीवर आहे. तिथे दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डिसेंबरमध्ये सर्वाधिक, आणि जुलै कोरडा ठणठणीत. आकार आपल्यासारखा, पण उंचीमुळे उन्हाळा सौम्य. मादागास्करची राजधानी अंतानानारिव्हो १,२८० मीटरच्या आसपास. तिथे जुलैच्या पहाटे कुडकुडायला होतं आणि शेतं भाताची. बैरा समुद्रसपाटीला, दमट, पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. १४ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळाने ते शहर उद्ध्वस्त केलं.

आणि मग आरिका. पॅसिफिकच्या काठावर, साडेअठरा अंश दक्षिणेवर. तिथल्या पावसाची वार्षिक सरासरी ०.७६ मिलिमीटर आहे, जगातली सर्वांत कमी नोंद. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या १७३ महिन्यांत तिथे पावसाची नोंदच नाही. डोळखांबला जुलैतल्या एका जोरदार सरीत जेवढं पाणी पडतं तेवढं आरिकाला कित्येक दशकांत मिळत नाही. समुद्र तर दारात आहे. पण तो समुद्र अंटार्क्टिकाकडून वर येणाऱ्या हम्बोल्ट प्रवाहामुळे थंड आहे. थंड पाण्यावरची हवा जड राहते, वर उठत नाही. धुकं येतं, ढग दिसतात, पाऊस पडत नाही. समुद्र जवळ असला की पाऊस असतो ही आपली कोकणी समजूत आरिकाला लागू पडत नाही.

इथे हवामानाच्या वर्गीकरणाबद्दल एक तक्रार नोंदवतो. व्लादिमिर कोपेन यांनी १८८४ पासून बांधत नेलेली पद्धत आजही सगळीकडे वापरतात, आणि तिच्यात मुंबई आणि टाऊन्सव्हिल दोन्ही एकाच खान्यात बसतात : उष्णकटिबंधीय, हिवाळा कोरडा. चूक नाही त्यात काही. पण अकराशे आणि अडीच हजार मिलिमीटरला एकच नाव देणारं वर्गीकरण भात लावणाऱ्याच्या उपयोगाचं नाही. जुळी शहरं शोधणारे पुष्कळदा ही नावं जुळवतात आणि खूश होतात. जुळवायचंच असेल तर महिन्यांची ओळ जुळवावी, बाराही महिन्यांची.

दोन गोलार्धांत इतका फरक का, याचं पहिलं कारण म्हणून लोक पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर सांगतात. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त ऊर्जा मिळते. या हिशेबाने दक्षिणेचा उन्हाळा आपल्याहून कडक असायला हवा. प्रत्यक्षात तसा तो नाही. एक तर दूर असताना पृथ्वी हळू चालते, म्हणून उत्तरेची उन्हाळी सहामाही १८६ दिवसांची आहे आणि दक्षिणेची १७९. पण खरं कारण जमीन आहे. उत्तर गोलार्धाचा सुमारे ४० टक्के भाग जमीन आहे, दक्षिणेचा जेमतेम १९ टक्के. पाणी हळू तापतं, हळू निवतं, आणि दक्षिण गोलार्धात मोठा कारभार पाण्याच्या हाती आहे. मॉरिशसच्या उन्हाळ्याचं सरासरी तापमान २४.७ अंश आणि हिवाळ्याचं २०.४ अंश. फरक फक्त ४.३ अंशांचा. समुद्रात एकट्या पडलेल्या बेटावर ऋतू असे मऊ होतात. शहापूरच्या जानेवारीची पहाट आणि मेची दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा आकडा अविश्वसनीय वाटेल.

तापमानाचं हे झालं. पावसाचं उत्तर अजून बाकी आहे, आणि त्यावर तीनशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे. १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांचा नकाशा छापला आणि कारण दिलं ते असं : उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. म्हणजे आपला पावसाळा हा चार महिने टिकणारा एक प्रचंड समुद्री वारा. आजही पाठ्यपुस्तकं बहुतेक हेच सांगतात. विसाव्या शतकात त्यात तिबेटचं पठार आलं : साडेचार हजार मीटर उंचीवरची तापलेली जमीन हवेला वर खेचते. २०१० मध्ये विल्यम बूस आणि झीमिंग क्वांग यांनी संगणकी प्रतिकृतीत तिबेटचं पठार सपाट करून पाहिलं, फक्त हिमालयाची अरुंद भिंत ठेवली, आणि पावसाळा फारसा बिघडला नाही. त्यांच्या मते भिंत उत्तरेची कोरडी गार हवा अडवते हेच महत्त्वाचं. दक्षिणेत आपल्या अक्षांशामागे ना तसं खंड आहे, ना तशी भिंत.

मला मात्र सगळ्यांत पटतो तो पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांचा मुद्दा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी आयुष्यभर मान्सूनवर काम केलं. त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो डोळखांबच्या शेतकऱ्यालाही विचारता येईल. जमीन तापल्यामुळे पाऊस येत असेल, तर जमीन सर्वांत तापलेली असते त्या मेमध्ये तो का येत नाही? आणि दुष्काळी वर्षात जमीन जास्त तापते, मग तेव्हा पाऊस जास्त का पडत नाही? त्यांचं उत्तर : विषुववृत्ताभोवती ढगांचा एक पट्टा पृथ्वीला वेढून आहे, जिथे दोन्ही गोलार्धांचे वारे येऊन मिळतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतले डी. आर. सिक्का आणि गाडगीळ यांनी १९८० मध्ये उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवलं की हा पट्टा उन्हाळ्यात समुद्रावरून उत्तरेकडे सरकत आपल्या जमिनीवर येतो, मध्येच खंड पडतो, पुन्हा नवा पट्टा सरकत येतो. पावसाळा म्हणजे या पट्ट्याचा मुक्काम. शेतकरी ज्याला उघडीप म्हणतो ती या मुक्कामातली सुट्टी.

या दृष्टीने पाहिलं की आपला प्रश्न एकदम मोकळा होतो. जुलैमध्ये हा पट्टा भारतावर वीस-पंचवीस अंश उत्तरेपर्यंत येतो, डोळखांबच्याही पलीकडे. जानेवारीत तो दक्षिणेत उतरतो, पण हिंदी महासागरावर साधारण दहा अंशांच्या आसपासच रेंगाळतो. मादागास्करवर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेवर, ब्राझीलवर थोडा आणखी खाली जातो, कारण तिथे जमीन आहे. टाऊन्सव्हिलला तो कधी पोचतो, कधी पोचत नाही. म्हणून तिथे एखाद्या वर्षी सरासरीच्या दुप्पट पाऊस पडतो आणि एखाद्या वर्षी निम्मा. २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तो पट्टा टाऊन्सव्हिलवर ठाण मांडून बसला आणि बाराएक दिवसांत एक मीटरहून अधिक पाऊस पडला, वर्षाची सरासरी दोन आठवड्यांच्या आत. धरणाचे दरवाजे उघडावे लागले, वस्त्या बुडाल्या. बदलापूर-वांगणीच्या लोकांना त्याच वर्षीचा २७ जुलै आठवत असेल, महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तो. दोन्ही ठिकाणी पाणी सारखंच चढलं. पण टाऊन्सव्हिलला ती पिढीतून एकदा येणारी घटना, आणि इथे तसा जोराचा पाऊस दर पावसाळ्यात कुठे ना कुठे असतोच.

आणखी एक फरक तुलनेत नेहमी निसटतो. दक्षिणेतला पावसाळा हाच चक्रीवादळांचा हंगाम असतो. टाऊन्सव्हिल, मॉरिशस, बैरा, सगळीकडे पाऊस आणि वादळ एकाच दारातून येतात. आपल्याकडे निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, तौक्ते मे २०२१ मध्ये. म्हणजे पावसाळ्याच्या उंबरठ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळ सहसा उभंच राहत नाही, कारण खालचा वारा नैर्ऋत्येकडून जोरात येतो आणि वरचा तितक्याच जोरात पूर्वेकडून. उभं राहू पाहणाऱ्या वादळाचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढले जातात. आपला पाऊस वाऱ्याच्या सातत्यावर चालतो. चार महिने एकाच दिशेने वाहणारा वारा ही डोळखांबची खरी संपत्ती आहे, आणि साडेएकोणीस दक्षिणेवर कुठेही ती त्या मापात नाही.

तो वारा येतो कुठून, हे पाहायला मॉरिशसला जावं लागतं. १८३४ नंतर गिरमिटिया मजूर म्हणून रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं मुंबई बंदरातून तिथे उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचे वंशज आज पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात, कास्काव्हेलसारख्या गावांत, आणि मधल्या पठारावर वाकोआच्या बाजूला राहतात. बेटाचं पठार आग्नेयेच्या वाऱ्याला तोंड देतं आणि भिजतं. तिथे काही ठिकाणी चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. पश्चिम किनारा पर्जन्यछायेत, हजाराच्याही खाली. आपला घाटघर-संगमनेरचा खेळ तिथे मोटारीने तासाभरात पाहून होतो. १९६० चं कॅरॉल आणि १९७५ चं जर्व्हेज ही वादळं तिथल्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात वर्षं मोजायच्या खुणा आहेत, जशा आपल्याकडे पुराच्या असतात.

त्या माणसांनी बरोबर नेलेलं पंचांग उत्तर गोलार्धाचं होतं. संक्रांतीचा तीळगूळ थंडीसाठी, आणि तिथे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा आणि वादळाचे दिवस. चैत्रात वसंत नाही, पानगळीकडे झुकणारा शरद. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मराठी कुटुंबं वाजतगाजत मूर्ती विसर्जनाला नेतात, पण डोक्यावर भाद्रपदाचा पाऊस नसतो. तो हिवाळ्याचा शेवट असतो, वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्याकडे, ऑक्टोबरकडे, सरकणारा. दीडशेहून अधिक वर्षं ऋतू आणि सण यांची फारकत सांभाळूनही त्यांनी एकही सण सोडला नाही, आणि तिथी बदलली नाही. मला याचा फार आदर वाटतो.

जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मॉरिशसवरून आग्नेयेचा वारा वर्षातला सर्वांत जोरकस वाहतो. बेटाच्या दक्षिणेला तीस अंशांच्या आसपास जास्त दाबाचं मोठं क्षेत्र असतं. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांच्या समूहावरून त्याला मास्करीन क्षेत्र म्हणतात. त्यातून निघालेला वारा मॉरिशस ओलांडून वायव्येला जातो, आफ्रिकेच्या किनाऱ्याशी येतो, केनियाच्या उंच प्रदेशाची भिंत त्याला अडवते आणि तो किनाऱ्याने विषुववृत्त ओलांडतो. दक्षिण गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे डावीकडे वळणारा वारा उत्तरेत आला की उजवीकडे वळतो. आग्नेयेचा वारा नैर्ऋत्येचा होतो. जॉन फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवलं की विषुववृत्ताजवळ हा वारा हजार-दीड हजार मीटर उंचीवर एका अरुंद झोतासारखा वाहतो. तो झोत अरबी समुद्र ओलांडतो, भरभरून बाष्प उचलतो आणि सह्याद्रीला येऊन भिडतो.

या बाष्पात वाटा कुणाचा किती, यावरही वाद झाला. पुण्याच्या हवामान संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिषारोटी यांनी १९६५ मध्ये मांडलं की बहुतेक पाणी अरबी समुद्रातलं आहे. नंतरच्या अभ्यासांनी दक्षिण गोलार्धातून येणारा वाटा मोठा ठरवला. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे, कारण वारा वाटेत पाणी भरतच येतो आणि सुरुवातीचं पाणी दक्षिणेचंच असतं. म्हणजे कास्काव्हेलच्या मराठी घराच्या खिडकीवर जुलैत जो वारा थडकतो, त्याच प्रवाहाचं पुढचं टोक डोळखांबच्या कौलांवर कोसळतं. जुळं शोधायला निघालो आणि सापडला तो उगम.

दक्षिणेला आपल्या पावसाशी जोडणारी ही दोरी एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी हातात धरली होती. १८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर पावसाचा अंदाज हा सरकारी निकडीचा विषय झाला होता. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख होऊन भारतात आले आणि त्यांनी जगभरच्या दाबांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली. त्यातून १९२० च्या दशकात त्यांना दक्षिणी आंदोलन सापडलं : पॅसिफिकमध्ये दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, आणि उलट. आज ते ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणच्या दाबांच्या फरकाने मोजतात. दोन्ही ठिकाणं दक्षिण गोलार्धातली. याच आंदोलनाशी जोडलेला एल निनो आला की टाऊन्सव्हिलचा पाऊस घटतो आणि बहुतेक वेळा आपलाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो एल निनोच्या वर्षातच.

मग या सगळ्या तुलनेचा डोळखांबला उपयोग काय? एक उदाहरण देतो. मादागास्करमधल्या अंत्सिराबे या गावी आंरी द लोलानिए या फ्रेंच धर्मगुरूने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भाताची एक पद्धत बसवली : रोपं कोवळी असताना, एकेक करून, ऐसपैस अंतरावर लावायची आणि शेत तुंबवून न ठेवता नुसतं ओलं राखायचं. तीच आपल्याकडे श्री पद्धत म्हणून आली. अंत्सिराबेचा अक्षांश १९.९ दक्षिण, डोळखांबचा जुळाच म्हणायचा. पण अंत्सिराबे दीड हजार मीटरवर आहे आणि तिथला पाऊस आपल्या मानाने आवरलेला. आमच्या खाचरांत आषाढात बांध भरून वाहतात, पाणी काढू म्हटलं तरी निघत नाही. तिथे कोवळं एकटं रोप उभं राहणं कठीण जातं. उंचवट्याच्या शेतात पद्धत चांगली चालते, सखल खाचरात अडखळते. अक्षांश पाहून नव्हे, पावसाची ओळ पाहून पद्धत निवडायला हवी होती. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पुष्कळांचा एकेक हंगाम वाचला असता.

दुसरा उपयोग त्याहून मोठा. अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या या तालुक्यात तानसाचं धरण १८९२ पासून आहे, भातसा आज मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी देतं, आणि तरी एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकर येतात. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. तुलना केली की कोडं उरत नाही. मॉरिशसचा पाऊस बेटावर सरासरी दोन हजार मिलिमीटर, आपल्याहून कमी, पण तो बारा महिन्यांवर पसरलेला आहे. कोरडा म्हटला जाणारा ऑक्टोबरही तिथे ठार कोरडा नसतो. आपला पाऊस चार महिन्यांचा, उतार तीव्र, खाली काळा कातळ. सप्टेंबरनंतर आठ महिने आभाळातून फारसं काही येत नाही, आणि जे आलं होतं ते समुद्रात किंवा धरणात गेलेलं असतं. तेव्हा शहापूर-मुरबाडचं दुखणं पावसाच्या प्रमाणाचं नसून त्याच्या वेळापत्रकाचं आहे. उपायही पाड्याच्या पातळीवर साठवण करण्याचाच असणार : ओहळावरचे बंधारे, वळणबंधारे, विहिरींचं पुनर्भरण, घरांच्या पन्हाळीचं पाणी. मोठ्या धरणाच्या काठावर राहून टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला सरासरीचा आकडा सांगणं हा तिचा अपमान आहे.

वाचकांपैकी अनेकांची माणसं मॉरिशसमध्ये, ऑस्ट्रेलियात असतील. येत्या जुलैत फोनवर त्यांना ‘तिकडे थंडी आहे का’ एवढंच विचारू नका. ‘वारा कुठून वाहतो, जोर किती आहे’ हेही विचारा, आणि उत्तर तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. शेजारी आपल्या गावचा त्या दिवसाचा पाऊस लिहा. गावातल्या शाळेत पर्जन्यमापक नसेल तर एक बसवून द्या. त्याला फार खर्च येत नाही आणि मुलं ती नोंद मनापासून ठेवतात.